साचा मोडला तरी पॅटर्न शाबूत: कर्नेल डीबगिंगसाठी केव्हीएम-क्यूएमू कसं आहे?

लिनक्स कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आत, विशेषतः व्हर्च्युअल मशीन (संगणकात सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा संगणक) चालवणाऱ्या कोडवर काम करायचं असेल तर ती मशीन चालवणारी केव्हीएम-क्यूएमू ही जोडी आणि चालू कोड थांबवून आत बघू देणारं जीडीबी, या तिघांना आजही तोड नाही. तिन्ही मुक्त स्रोत, तिन्ही फुकट. पण ब्रेकपॉइंट लावून कर्नेल थांबवायचं आणि एकेक ओळ पुढे सरकायचं, एवढ्याच अपेक्षेनं कुणी यांच्याकडे वळलं तर त्याचा पहिला आठवडा चिडचिडीत जाणार. या संचाचं खरं बळ दुसरीकडे आहे: मोडलेलं कर्नेल काही सेकंदांत पुन्हा उभं करण्यात, आणि काहीही न थांबवता आत काय चाललंय ते ट्रेसमधून वाचण्यात.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावची फाउंड्री ज्यानं आतून पाहिलीय त्याला हे लगेच कळेल. पॅटर्न एकच असतो, तो जपायचा. वाळूचा साचा मात्र प्रत्येक ओतकामानंतर मोडायचा आणि तीच वाळू मळून पुढचा साचा घ्यायचा. क्यूएमूमध्ये डिस्कची मूळ इमेज हा पॅटर्न. तिच्यावर क्यूकाऊ२ प्रकारची पातळ ओव्हरले फाइल ठेवली की गेस्टनं (व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या सिस्टिमनं) लिहिलेलं सगळं त्या ओव्हरलेत जातं. गेस्टचं कर्नेल कोसळलं, फाइलसिस्टिमचा चुथडा झाला, तर ओव्हरले पुसून नवी करायची, कामच संपलं. त्याहून सोपं हवं तर क्यूएमूला ‘स्नॅपशॉट’ हा पर्याय द्या, मशीन बंद होताच सगळे बदल आपोआप टाकून दिले जातात. एक पथ्य मात्र कडक पाळायचं: ओव्हरले बनवल्यावर मूळ इमेज थेट चालू करून तिच्यात काही लिहायचं नाही. पॅटर्नच तासला तर त्यावरचा प्रत्येक साचा चुकणार. म्हणून मूळ फाइल फक्त वाचण्याजोगी करून ठेवावी.

कोण काय करतं हे आधी डोक्यात पक्कं हवं, नाहीतर बग चुकीच्या घरात शोधला जातो. क्यूएमू फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलं. ते साधा प्रोग्रॅम म्हणून चालतं आणि डिस्क, नेटवर्क कार्ड, सिरियल पोर्ट अशा उपकरणांची सोंगं घेतं. केव्हीएम हे क्युम्रानेट कंपनीत अवी किव्हिटी यांनी लिहिलेलं कर्नेल मॉड्यूल. फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२० पासून ते कर्नेलचाच भाग आहे. प्रोसेसरच्या व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही या सोयी वापरून गेस्टचा कोड थेट प्रोसेसरवर चालवणं आणि गेस्टच्या मेमरीचे नकाशे सांभाळणं, हे केव्हीएमचं काम. गेस्टनं असं काही केलं की जे प्रोसेसरला परस्पर करू द्यायचं नसतं, तर ‘एक्झिट’ होते, म्हणजे ताबा केव्हीएमकडे येतो. त्याला जमलं तर ते तिथेच निपटतं, नाही जमलं तर क्यूएमूकडे ढकलतं. डीबगिंगचा पहिला प्रश्न म्हणून नेहमी हाच: गोष्ट गेस्टमध्ये बिघडली, केव्हीएममध्ये, की क्यूएमूमध्ये? पटकन निदान करायचं तर तोच गेस्ट केव्हीएमशिवाय, क्यूएमूच्या टीसीजी या सॉफ्टवेअर इंजिनवर चालवून पाहावा. तिथेही तसाच कोसळला तर संशय गेस्टवर किंवा उपकरणाच्या सोंगावर. फक्त केव्हीएमवर कोसळला तर कर्नेलकडे वळायचं. टीसीजी संथ आहे, पण गेस्ट वारंवार रीसेट होत असेल तर त्याचा ‘मायनस डी’ पर्याय इंटरप्टची आणि सीपीयू रीसेटची नोंद लिहून देतो. इंटरप्टची अशी नोंद केव्हीएमवर मिळत नाही.

सॉफ्टवेअर फुकट असलं तरी यंत्राला पैसे पडतात. विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत जुना, कंपनीतून निघालेला लॅपटॉप घेणं हा परवडणारा मार्ग आहे. चार कोअर, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी एवढं किमान धरा. ८ जीबीवर साधा गेस्ट चालतो, पण एकात एक गेस्ट चालवायला लागलात की घुसमट होते. दुकानात जाताना लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्यावा. त्यावरून मशीन सुरू करून ‘एलएससीपीयू’ चालवा, व्हर्च्युअलायझेशनच्या ओळीत व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही दिसलं पाहिजे. तेवढ्यावर विसंबू नका. ‘डेव्ह’ डिरेक्टरीत ‘केव्हीएम’ नावाची फाइल आहे का, हे बघा. नसेल आणि डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या संदेशांच्या यादीत) ‘डिसेबल्ड बाय बायोस’ असं दिसलं, तर सोय बायोसमध्ये बंद केलेली आहे. ती चालू करता येते, पण कंपनीच्या लॅपटॉपना कधीकधी बायोसचा पासवर्ड असतो आणि तो दुकानदारालाही माहीत नसतो. तो पासवर्ड काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळे डेस्कटॉप घेणाऱ्यानं यूपीएस धरूनच हिशेब करावा. बिल्ड अर्ध्यावर तुटली तर पुन्हा ‘मेक’ देता येतं, पण त्याच वेळी गिट लिहित असेल तर रिपॉझिटरी बिघडू शकते.

सोर्स उतरवताना मोबाइल डेटावर असाल तर ‘डेप्थ १’ देऊन उथळ क्लोन घ्यायचा मोह होतो. वाचायला आणि बिल्ड करायला तो पुरतो. बग आणणारा बदल अर्धं-अर्धं करत शोधणाऱ्या ‘गिट बायसेक्ट’ला मात्र इतिहास लागतो, आणि उथळ क्लोनमध्ये तो नसतो. कॉलेजच्या वायफायवर एकदाच पूर्ण क्लोन घेऊन ठेवणं शहाणपणाचं. कॉन्फिग करताना आधी ‘डेफकॉन्फिग’, मग ‘केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग’ असे दोन मेक टार्गेट चालवले की क्यूएमूला लागणारे व्हर्टआयओ ड्रायव्हर आपोआप आत येतात. त्यावर डीबग इन्फो आणि जीडीबी स्क्रिप्ट्स हे दोन पर्याय सुरू करा. आपल्या लिनक्सची मूळ कॉन्फिग जशीच्या तशी घेऊन डीबग इन्फोसह बिल्ड लावली तर हजारो नको असलेले ड्रायव्हर तयार होतात आणि २० जीबी जागा सहज जाते.

आता जीडीबी. क्यूएमूला लहान ‘एस’ दिला की १२३४ क्रमांकाच्या पोर्टवर जीडीबीसाठी दार उघडतं. मोठा ‘एस’ दिला की गेस्ट पहिल्या सूचनेआधीच थांबून राहतो. जीडीबीला द्यायची फाइल ‘व्हीएमलिनक्स’ (न दाबलेलं कर्नेल), क्यूएमूला द्यायची ‘बीझेडइमेज’ (दाबलेलं कर्नेल). यांची अदलाबदल ही नवख्यांची ठरलेली चूक. कर्नेलच्या कमांड लाइनवर ‘नोकेएएसएलआर’ लिहायलाच हवं. ते विसरलं तर कर्नेल दर वेळी वेगळ्या पत्त्यावर बसतं आणि जीडीबीचे ब्रेकपॉइंट भलतीकडे लागतात. एररही येत नाही, ब्रेकपॉइंट नुसता कधी लागत नाही.

‘स्टार्ट_कर्नेल’ या सुरुवातीच्या फंक्शनवर साधा ब्रेकपॉइंट लावून ‘कंटिन्यू’ दिलं तर बहुतेकदा तो हुकतो. साधा ब्रेकपॉइंट म्हणजे गेस्टच्या मेमरीत त्या जागी एका बाइटची ट्रॅप सूचना लिहून ठेवणं. पण त्या क्षणी कर्नेल अजून दाबलेल्या रूपात आहे. ते उलगडताना नेमकी तीच जागा नव्यानं लिहिली जाते आणि आपली सूचना पुसली जाते. म्हणून सुरुवातीला ‘एचब्रेक’, म्हणजे हार्डवेअर ब्रेकपॉइंट वापरायचा. एक्स८६वर असे चारच मिळतात, तेव्हा जपून खर्च करा. एकदा कर्नेल उलगडलं की पुढे साधे ब्रेकपॉइंट बिनधास्त चालतात. मॉड्यूलमध्ये शिरायचं असेल तर आधी ‘एलएक्स-सिम्बॉल्स’ चालवा, ‘एलएक्स-डीमेसेज’ आणि ‘एलएक्स-पीएस’ही कामाचे आहेत. या कमांड मिळतच नसतील, तर जीडीबीनं स्क्रिप्ट नाकारलेली असते. कर्नेलची डिरेक्टरी सुरक्षित-पाथच्या यादीत घातली की मिळतात.

इथवर जीडीबीचं कौतुक. याच्या पुढे ते तोकडं पडतं. कर्नेल ऑप्टिमाइझ करूनच कंपाइल होतं, ऑप्टिमायझेशन बंद करून ते बिल्डच होत नाही. त्यामुळे निम्म्या व्हेरिएबलपुढे ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसतं आणि लहान फंक्शनं इनलाइन झाल्यानं त्यांच्या नावावर ब्रेकपॉइंट लागत नाही. शिवाय व्हर्च्युअलायझेशनचे बरेचसे बग वेळेशी बांधलेले असतात. दोन व्हीसीपीयू (गेस्टचे आभासी प्रोसेसर) एकाच वेळी मेमरीच्या एका पानावर आले, एवढ्यानं होणारा बग ब्रेकपॉइंट लावताच गायब होतो, कारण तुम्ही एकाला थांबवलंत.

म्हणून ट्रेसिंग. संचातला सर्वांत भारी भाग हाच, आणि यासाठी पूर्ण गुण द्यायला हरकत नाही. केव्हीएमच्या कोडमध्ये ट्रेसपॉइंट (नोंद करणाऱ्या जागा) आधीच पेरून ठेवलेले आहेत. ‘ट्रेस-सीएमडी रेकॉर्ड’ला ‘केव्हीएम’ हा इव्हेंट-गट द्यायचा, गेस्टला चूक करू द्यायची, थांबवायचं आणि ‘रिपोर्ट’ वाचायचा. ‘केव्हीएम_एक्झिट’, मग त्याचं कारण, मग गेस्टचा त्या क्षणीचा आरआयपी (कोणत्या सूचनेवर आहे तो पत्ता), मग ‘केव्हीएम_एंट्री’. असे जोड एकापाठोपाठ एक दिसतात. शेवटची ‘एंट्री’ आहे पण पुढे ‘एक्झिट’ नाही, तर व्हीसीपीयू अजून गेस्टमध्येच आहे. ‘एक्झिट’ आहे पण ‘एंट्री’ नाही, तर तो केव्हीएममध्ये किंवा क्यूएमूमध्ये अडकलाय. एवढ्या एका निरीक्षणावर शोध निम्म्यावर येतो.

ट्रेस वाचताना दोन नावं घाबरवतात. इंटेलच्या मशीनवर ‘ईपीटी_मिसकॉन्फिग’ सतत दिसतं आणि ईपीटी, म्हणजे गेस्टचे पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणारे तक्ते, बिघडले असा समज होतो. तसं काही नसतं. गेस्ट उपकरणाच्या पत्त्याला हात लावतोय हे पटकन कळावं म्हणून केव्हीएम त्या नोंदी मुद्दाम चुकीच्या ठेवतं. म्हणजे हा एमएमआयओचा (मेमरीच्या पत्त्यांतून उपकरणाशी बोलण्याचा) जलद रस्ता आहे, बिघाड नव्हे. ‘ईपीटी_व्हायोलेशन’ वेगळं: गेस्टनं मागितलेलं पान अजून नकाशात नाही, किंवा परवानगी नाही. गेस्ट सुरू होताना याचा धोधो पाऊस पडतो आणि मग ओसरतो, हे स्वाभाविक आहे. ओसरतच नसेल आणि ‘केव्हीएम_पेज_फॉल्ट’मध्ये तोच पत्ता पुन्हा पुन्हा येत असेल, तर मात्र नकाशा लागतोय आणि कुणीतरी तो लगेच काढतंय, किंवा तो लागतच नाहीये. ‘पर्फ केव्हीएम स्टॅट’ एक्झिटची कारणवार मोजणी देतं. त्यात वेळेच्या रकान्यात ‘हॉल्ट’ सगळ्यात वर दिसला तर दचकू नये, गेस्ट रिकामा बसलाय एवढाच त्याचा अर्थ.

स्वतःच्या नोंदी टाकायच्या तर एक्झिटच्या रस्त्यावर ‘प्रिंटके’ (कर्नेलच्या लॉगमध्ये लिहिणारं फंक्शन) टाकू नका. सेकंदाला हजारो एक्झिट होतात, लॉग तुंबतो आणि वेळेचं गणितच बदलतं. तिथे ‘ट्रेस_प्रिंटके’ वापरा. डीमेसेजमध्ये त्याबद्दल मोठ्या चौकटीत सूचना येते, ती येऊ द्या, फक्त पॅच पाठवण्याआधी ती ओळ काढा. प्रत्यक्ष गेस्टमध्ये शिरण्याच्या आसपासची काही फंक्शनं ‘नोइन्स्ट्र’ म्हणून चिन्हांकित आहेत, त्यांच्यावर केप्रोब (चालू कर्नेलमध्ये लावायचा तपासबिंदू) लागत नाही. त्यांच्या अलीकडचं किंवा पलीकडचं फंक्शन पकडावं लागतं.

केव्हीएमची ओळख करून घ्यायची तर क्यूएमू बाजूला ठेवून स्वतःचा छोटा व्हीएमएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) लिहावा, हा सल्ला शिवाजी विद्यापीठाच्या किंवा इथल्या अभियांत्रिकी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना आवर्जून द्यावासा वाटतो. सी भाषेत दीडशे-दोनशे ओळींत होतो. ‘केव्हीएम’ ही फाइल उघडा, एपीआयची आवृत्ती विचारा (उत्तर १२ आलं पाहिजे), व्हीएम बनवा, मेमरीचा तुकडा द्या, व्हीसीपीयू बनवा, रजिस्टर भरा आणि ‘रन’ आयऑक्टल (कर्नेलला आज्ञा देणारा कॉल) फिरवत राहा. परत आलेलं कारण २ असेल तर पोर्टवर वाचन-लेखन, ५ असेल तर हॉल्ट, ६ असेल तर एमएमआयओ.

यातली एक चूक जवळून बघण्यासारखी आहे. कोड मेमरीत १००० (हेक्स) या पत्त्यावर ठेवला, आरआयपीमध्येही १००० भरलं, आणि ‘रन’ दिल्यावर पहिल्याच फटक्यात ‘इंटर्नल एरर’, उपकारण १, म्हणजे एम्युलेशन फसलं. कोड बरोबर, मेमरी बरोबर, मग झालं काय? एक्स८६चा प्रोसेसर रीसेट होतो तेव्हा सीएस सेगमेंटचा बेस शून्य नसतो, तो एफएफएफएफ०००० असतो. प्रोसेसर बेसमध्ये आरआयपी मिळवतो आणि सूचना आणायला एफएफएफएफ१००० वर जातो. तिथे आपण मेमरी दिलेलीच नाही. केव्हीएमला वाटतं हा एमएमआयओचा पत्ता आहे, तिथून सूचना वाचता येत नाही, आणि ते हात वर करतं. उपाय दोन ओळींचा: विशेष रजिस्टर वाचून घ्या, सीएसचा बेस आणि सिलेक्टर दोन्ही शून्य करा, परत लिहा. विशेष रजिस्टर आधी न वाचता कोऱ्या स्ट्रक्चरमधून थेट लिहिली, तर बाकीचे सेगमेंट बिघडतात आणि दुसरी एरर येते, ती अशी: ‘एंट्री फेल्ड, हार्डवेअर एरर ०एक्स८०००००२१’. हार्डवेअर शब्द वाचून लोक रॅम बदलायला निघतात. हा आकडा फोडून वाचायचा. सर्वांत वरचा बिट १ आहे, म्हणजे गेस्टमध्ये प्रवेशच झाला नाही. खालचे २१ हेक्समध्ये आहेत, म्हणजे ३३, आणि इंटेलच्या यादीत ३३ म्हणजे गेस्टची स्थिती अवैध. रजिस्टरांचं मिश्रण प्रोसेसरच्या नियमात बसत नाही, एवढंच. ‘केव्हीएम_इंटेल’ मॉड्यूलला ‘डम्प_इन्व्हॅलिड_व्हीएमसीएस’ हा पर्याय देऊन पुन्हा चालवा, डीमेसेजमध्ये सगळी फील्डं छापून येतात आणि चुकीचं फील्ड शोधता येतं.

आणखी तीन गोष्टी याच कोडमध्ये हमखास अडवतात. मेमरीच्या तुकड्याचा पत्ता आणि आकार पानाच्या, म्हणजे ४ केबीच्या पटीत नसेल तर आयऑक्टल नुसतंच ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून परत येतं. सिग्नल आला की ‘रन’ मध्येच परततं, ते अपयश नव्हे, पुन्हा बोलवायचं. आणि कर्नेलमधली इंटरप्ट चिप चालू केली असेल तर हॉल्टचं कारण ५ तुमच्यापर्यंत येतच नाही, केव्हीएम ते आतच सांभाळतं. प्रोग्रॅम अडकला असं वाटतं, प्रत्यक्षात गेस्ट इंटरप्टची वाट बघत झोपलेला असतो.

केव्हीएमच्याच कोडमध्ये बदल करायचे तर मुख्य मशीनचं कर्नेल धोक्यात घालू नका. थरावर थर चढवायचा. खाली तुमचं नेहमीचं स्थिर कर्नेल, त्याला एल० म्हणतात. त्यावर एल१ गेस्ट, त्यात तुमचं बदललेलं केव्हीएम. त्याच्या आत छोटासा एल२. इंटेलवर ही नेस्टेड सोय लिनक्स ४.२० पासून आपसूक चालू असते. एल१ला ‘सीपीयू होस्ट’ द्यायला विसरलात तर आत व्हीएमएक्स (व्हीटी-एक्सचंच दुसरं नाव) दिसणार नाही. आता जीडीबी एल१ला जोडा, केव्हीएमचा कोड तुमच्या मुठीत. एल१ बराच वेळ थांबवून ठेवला की सुरू केल्यावर आरसीयू स्टॉल किंवा सॉफ्ट लॉकअपच्या (प्रोसेसर फार वेळ अडकल्याच्या) तक्रारी येऊ शकतात. त्या तुमच्या थांबण्यामुळे आलेल्या असतात, त्यांच्या मागे लागू नका. उलट ‘सस्पिशियस आरसीयू युसेज’ ही लॉकडेपची (कुलपांच्या चुका शोधणाऱ्या कर्नेलच्या सोयीची) तक्रार आली तर ती गंभीरपणे घ्या. केव्हीएममध्ये मेमस्लॉट (गेस्टला दिलेल्या मेमरीच्या तुकड्यांच्या नोंदी) एसआरसीयूच्या कुलपाखाली असतात, आणि कुलूप न घेता ते वाचणं ही नव्या पॅचमध्ये सहज राहून जाणारी चूक आहे. एल१मध्ये लॉकडेप आणि केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) दोन्ही चालू ठेवा. केएएसएएन ‘सावली’साठी, म्हणजे स्वतःच्या नोंदींसाठी, एक अष्टमांश मेमरी खातं आणि वेग चांगलाच कमी करतं, म्हणून एल१ला ४ जीबी तरी द्या.

मॉड्यूल काढून पुन्हा टाकताना ‘इन यूज’ आलं तर कुठलं तरी मशीन मागे चालू असतं, बहुतेकदा अँड्रॉइड एम्युलेटर. नव्यानं बिल्ड केलेलं मॉड्यूल ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून नाकारलं गेलं तर डीमेसेज बघा, चालू कर्नेलची आवृत्ती-खूण जुळत नसते. व्हर्च्युअलबॉक्स सोबत वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: लिनक्स ६.१२ पासून केव्हीएम मॉड्यूल लोड होतानाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय ताब्यात घेतं, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सचं मशीन कधीकधी सुरू होत नाही. ‘केव्हीएम.इनेबल_व्हर्ट_अ‍ॅट_लोड’ शून्य करा, किंवा ते मॉड्यूल काढून ठेवा.

‘गिट बायसेक्ट रन’ आणि क्यूएमू ही जोडी रात्रभर लावून झोपावं अशी आहे. हजार कमिट असतील तर दहाएक फेऱ्यांत दोषी सापडतो. कर्नेलला ‘पॅनिक=-१’ आणि क्यूएमूला ‘नो-रीबूट’ द्या, म्हणजे कर्नेल कोसळताच क्यूएमू बंद होतं. फसगत इथे आहे: कर्नेल कोसळून बंद झालं तरी क्यूएमू शून्यच परत करतं. स्क्रिप्टनं तो शून्य पुढे दिला तर प्रत्येक कमिट ‘गुड’ ठरतो आणि सकाळी निकाल भलताच. स्क्रिप्टनं सिरियल लॉगमध्ये चाचणी पूर्ण झाल्याची ओळ शोधावी, सापडली तर ०, नाही तर १ द्यावा, आणि कर्नेल बिल्डच झालं नाही तर १२५, म्हणजे तो कमिट वगळला जातो. केव्हीएमच्या सेल्फटेस्टमध्येही असाच एक आकडा आहे, ४. त्याचा अर्थ चाचणी वगळली. यशस्वी झाली असं तो सांगत नाही.

उणी बाजू म्हणाल तर एरर संदेश. वरचाच ‘हार्डवेअर एरर’ घ्या. ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ कुठल्या फील्डमुळे आलं हे आयऑक्टल कधीच सांगत नाही, कर्नेलचा सोर्स उघडून प्रत्येक अट वाचावी लागते. एपीआयचा दस्तऐवज कर्नेलच्या ‘डॉक्युमेंटेशन’ डिरेक्टरीतच आहे आणि तो नेमका आहे, पण तो संदर्भग्रंथ आहे, क्रमानं शिकवत नाही. क्यूएमूच्या कमांड लाइनचे पर्याय तर इतके की नवखा माणूस गांगरतो. त्यावर ‘व्हर्टमी-एनजी’ हा चांगला उतारा आहे. कर्नेलच्या डिरेक्टरीत ‘व्हीएनजी’ एवढंच लिहिलं की ताजं बिल्ड केलेलं कर्नेल आपल्याच मशीनच्या फाइलसिस्टिमवर सुरू होतं, वेगळी डिस्क इमेज लागत नाही. रोजच्या छोट्या बदलांसाठी हेच वापरावं, आणि बूट, डिस्क किंवा नेस्टेडच्या बारीक तपासणीसाठी मूळ क्यूएमूकडे यावं. सिरियल कन्सोलवर अडकलात तर कंट्रोल-ए आणि मग एक्स दाबा, क्यूएमू बंद होतं. कंट्रोल-ए आणि सी दाबलं तर मॉनिटर उघडतो, आणि तिथे ‘इन्फो रजिस्टर्स’ दिलं की थिजलेल्या गेस्टचा आरआयपी लगेच हाती येतो.